जेवणाच्या खोलीतील संगीत : कोल्हापुरातील खानावळी आणि उपाहारगृहांसाठी सविस्तर मार्गदर्शन

खानावळीत कोणते गाणे लावायचे, हे बहुतेक ठिकाणी गल्ल्यावर बसणाऱ्याच्या आवडीवर ठरते आणि आवाज किती ठेवायचा, हे स्पीकर त्याच्यापासून किती लांब आहे यावर ठरते. मटणाचा दर, खोबऱ्याचा दर, गॅसची टाकी किती दिवस गेली, याचा पैशापैशाचा हिशेब ठेवणारे मालकसुद्धा या एका बाबतीत काहीच मोजत नाहीत. वास्तविक जेवताना कानावर पडणारा आवाज जेवणाचा वेग बदलतो, जिभेला लागणारी चव बदलतो आणि काही प्रमाणात काय मागवले जाईल हेही बदलतो. यावर गेली चाळीस वर्षे प्रयोग झालेले आहेत. ते परदेशातले असले, तरी त्यांचा उपयोग कोल्हापुरातल्या मालकाला कसा करता येईल, हे पायरीपायरीने सांगण्याचा हा प्रयत्न आहे. माझे मत आधीच स्पष्ट करतो : आपल्याकडच्या बहुतेक खानावळींना संगीताची निवड करण्यापूर्वी खोलीतला गोंगाट कमी करण्याची गरज आहे, आणि तेवढे केले तरी निम्मे काम होते.

पहिली पायरी : आपला धंदा कशावर चालतो, ते ठरवा

या विषयातला सर्वांत जास्त उल्लेखला जाणारा प्रयोग रोनाल्ड मिलिमन यांनी अमेरिकेतील एका उपाहारगृहात केला आणि १९८६ साली प्रसिद्ध केला. आठवड्याअखेरीच्या गर्दीच्या रात्री कधी संथ, तर कधी द्रुत लयीचे संगीत लावून त्यांनी नोंदी घेतल्या. संथ म्हणजे मिनिटाला ७२ किंवा त्याहून कमी ठोके आणि द्रुत म्हणजे ९२ किंवा त्याहून जास्त. संथ संगीत असताना गिऱ्हाइके सरासरी ५६ मिनिटे टेबलावर बसली आणि द्रुत संगीत असताना ४५ मिनिटे. मात्र जेवणाच्या बिलात जवळजवळ काहीच फरक पडला नाही. फरक पडला तो मद्याच्या बिलात : संथ संगीताला सरासरी ३०.४७ डॉलर, तर द्रुत संगीताला २१.६२ डॉलर.

हे आकडे वाचून ‘संथ गाणी लावली की धंदा वाढतो’ असा निष्कर्ष अनेकजण काढतात आणि तिथेच फसतात. जादा उत्पन्न आले ते, जास्त वेळ बसलेला माणूस आणखी काही विकत घेऊ शकत होता म्हणून. कोल्हापुरी मटण थाळीचे गणित याच्या अगदी उलट आहे. ताटाचा दर ठरलेला असतो आणि तांबडा-पांढरा रस्सा मागेल तितका वाढला जातो. इथे गिऱ्हाईक अकरा मिनिटे जास्त बसले, तर रश्श्याच्या दोन वाट्या जास्त जातील, बिल तेवढेच राहील आणि दारात उभे असलेले कुटुंब कंटाळून दुसरीकडे जाईल. समजा, बारा टेबले आहेत आणि रविवारी दुपारी तीन तास सलग गर्दी असते. एका टेबलाला ४५ मिनिटे लागली, तर टेबलामागे चार फेऱ्या, म्हणजे ४८ टेबले होतात. ५६ मिनिटे लागली, तर जेमतेम ३८. दहा टेबलांचा हा फरक मालकाच्या दृष्टीने फार मोठा आहे.

म्हणून कागद घेऊन आधी आपल्या दिवसाचे भाग पाडावेत. ज्या वेळी दारात माणसे थांबलेली असतात आणि दर ताटावर ठरलेला असतो, त्या वेळी संथ संगीताने काहीच मिळत नाही. ज्या वेळी टेबले रिकामी असतात आणि बसलेले लोक सोलकढी, आइस्क्रीम, कॉफी किंवा आणखी एखादे स्टार्टर मागवू शकतात, त्या वेळी संथ संगीताचा फायदा आहे. सकाळची मिसळ, दुपारची थाळी आणि रात्रीचे कुटुंबाचे जेवण हे एकाच छपराखालचे तीन वेगळे धंदे आहेत, असे धरूनच पुढे जावे. परमिट रूम चालवणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहितो. संथ संगीताने मद्याची विक्री वाढते, हे वर दिलेच आहे. परंतु बाहेर दुचाकी लावून आत बसलेल्या माणसाला आणखी एक पेग घ्यायला लावण्यासाठी या माहितीचा वापर कोणी करू नये, असे मला मनापासून वाटते.

दुसरी पायरी : संगीत बंद करून खोली ऐका

रविवारी दुपारी दीड वाजता एखाद्या भरलेल्या खानावळीत पाच मिनिटे नुसते कान देऊन बसावे. ग्रॅनाइटच्या टेबलावर स्टीलचे ताट आपटते. वाढपी दोन टेबलांपलीकडून ‘पांढरा आण’ म्हणून ओरडतो. फरशीवरून खुर्ची ओढली की तिचा कर्कश आवाज भिंतीवर आदळून परत येतो. आत मसाल्याचा मिक्सर चालू असतो, एक्झॉस्ट पंखा घरघरत असतो, भांडी धुण्याच्या मोरीत ताटांचा खच पडत असतो आणि या सगळ्यावर मात करण्यासाठी प्रत्येक टेबलावरचा माणूस आवाज चढवून बोलत असतो. भोवतालचा गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो, हे फ्रेंच कानतज्ज्ञ एत्येन लोंबार यांनी १९११ साली मांडले आणि त्यांच्याच नावाने हा परिणाम ओळखला जातो. एका टेबलाने आवाज चढवला की शेजारच्यालाही चढवावा लागतो आणि अर्ध्या तासात सगळी खोली ओरडू लागते. अशा खोलीत संगीत लावणे म्हणजे या चढाओढीत आणखी एक स्पर्धक उतरवणे.

मोजमापासाठी मोबाइलवरचे आवाज मोजण्याचे ॲप पुरेसे आहे. मोबाइलचे आकडे प्रयोगशाळेइतके अचूक नसतात. पण एकच मोबाइल, एकच ॲप आणि त्याच जागा ठेवल्या, तर आधी आणि नंतर यांची तुलना नीट होते. बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर मोबाइल धरून दाराजवळ, मध्यभागी आणि स्वयंपाकघराच्या बाजूला, अशा तीन ठिकाणी पाच-पाच मिनिटांची सरासरी घ्यावी. क्षणिक उच्चांक पाहू नये, सरासरीच लिहावी. रिकामी खोली, अर्धी भरलेली आणि पूर्ण भरलेली, अशा तिन्ही वेळी हे करावे. अंदाजासाठी लक्षात ठेवावे की एक मीटर अंतरावरचे साधे बोलणे साधारण ६० डेसिबल असते आणि दर १० डेसिबल वाढीला कानाला आवाज सुमारे दुप्पट वाटतो. भरलेल्या खोलीत संगीत बंद असताना सरासरी ७५ च्या वर जात असेल, तर तिसरी पायरी पूर्ण होईपर्यंत स्पीकरची खरेदी थांबवावी. आकडा ८५ च्या आसपास असेल, तर प्रश्न गिऱ्हाइकांच्या पलीकडे जातो. अमेरिकेच्या ‘निऑश’ या कामगार-आरोग्य संस्थेने आठ तासांच्या कामासाठी हीच मर्यादा सुचवलेली आहे. गिऱ्हाईक तासाभरात उठून जाते, वाढप्याचे कान मात्र दिवसभर तिथेच असतात.

तिसरी पायरी : गोंगाट उतरवा

जुन्या चौसोपी वाड्यांतली माती, लाकूड, कौले आणि मधला मोकळा चौक आवाज शोषून घेत असत किंवा बाहेर जाऊ देत असत. आजची खानावळ म्हणजे स्लॅब, टाइल्स, काच आणि ग्रॅनाइट. यातले काहीही फारसा आवाज शोषत नाही. खोलीत आवाज किती वेळ घुमतो, याचे सूत्र अमेरिकन शास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांनी दिलेले आहे आणि ते कुणालाही कागदावर मांडता येते : खोलीचे घनफळ घनमीटरमध्ये घ्यावे, त्याला ०.१६१ ने गुणावे आणि खोलीतल्या एकूण शोषणाने (प्रत्येक पृष्ठभागाचे क्षेत्रफळ गुणिले तो शोषत असलेला आवाजाचा भाग, यांची बेरीज) भागावे. दहा मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि साडेतीन मीटर उंच खोलीचे घनफळ २१० घनमीटर होते. जमीन, छत आणि भिंती मिळून पृष्ठभाग २३२ चौरस मीटर. टणक पृष्ठभाग आवाजाचा सुमारे चार टक्के भाग शोषतात असे धरले, तर एकूण शोषण जेमतेम ९ येते आणि रिकाम्या खोलीत आवाज साडेतीन सेकंदांहून जास्त घुमतो. आता निम्म्या छताला, म्हणजे ३० चौरस मीटरला, आवाजाचा ८० टक्के भाग शोषणारे पॅनल लावले, तर हाच काळ सुमारे एका सेकंदावर येतो. सगळ्या छताला लावले, तर ०.६ सेकंदाच्या आसपास. निम्म्या छताने किती मोठा पल्ला गाठला जातो, ते या हिशेबात दिसते. म्हणून पैसे मर्यादित असतील तर सगळी सजावट बाजूला ठेवून निम्मे छत करून घ्यावे.

छतासाठी मिनरल फायबरच्या टाइल्स किंवा ग्लासवूल भरलेली छिद्रांची जिप्सम पॅनल्स घ्यावीत. स्वस्त मिळतो म्हणून स्पंजचा फोम लावण्याचा मोह होतो, तो टाळावा. पॉलियुरेथेनचा साधा फोम झपाट्याने पेट घेतो आणि विषारी धूर सोडतो, आणि आपल्या खोलीला लागूनच भट्टी असते. अंड्याचे ट्रे लावून आवाज कमी होतो ही समजूतही सोडून द्यावी. त्यांनी जेमतेम फरक पडतो आणि आगीचा धोका मात्र वाढतो.

छताआधी करता येण्यासारखी, अगदी कमी खर्चाची कामे वेगळीच आहेत. खुर्च्यांच्या पायांना रबरी बूट बसवावेत. वाटणाचा मिक्सर आणि ताटांची मोरी यांच्या आणि खोलीच्या मध्ये दार असेल, तर ते बंद राहील अशी स्प्रिंग लावावी. उचललेली ताटे गोळा करण्याच्या टबच्या तळाशी रबरी मॅट टाकावी. वाढप्यांनी ओरडून मागणी सांगण्याऐवजी टेबलांचे भाग वाटून घ्यावेत आणि रश्श्याची बादली घेऊन त्या त्या भागात फिरत राहावे, म्हणजे ‘पांढरा आण’ असे ओरडण्याची वेळच येणार नाही. भिंतीवर लावलेला आणि कुणीच न पाहणारा टीव्ही बंद करावा. ही कामे करून पुन्हा मोजावे. स्टेशन रोडसारख्या वाहत्या रस्त्यावर दुकान असेल, तर दर्शनी बाजूचे दार आणि काच यांच्यावर खर्च करणे हे स्पीकरवर खर्च करण्यापेक्षा केव्हाही फायद्याचे.

चौथी पायरी : स्पीकर आणि आवाजाची पातळी

एकच मोठा स्पीकर गल्ल्याच्या वर टांगण्याची पद्धत सर्वांत वाईट. त्याच्याखालच्या टेबलाला बोलता येत नाही आणि कोपऱ्यातल्या टेबलाला नुसता ठेका ऐकू येतो; मग कोपऱ्यासाठी आवाज वाढवला जातो आणि गल्ल्याजवळचे टेबल कायमचे रिकामे राहू लागते. त्याऐवजी चार ते सहा लहान स्पीकर छतात समान अंतरावर बसवावेत आणि प्रत्येकाचा आवाज अगदी कमी ठेवावा. दोन्ही बाजूंना वेगवेगळा आवाज पाठवणारी स्टिरिओ जोडणी इथे निरुपयोगी आहे, कारण एका टेबलाला नुसता तबला आणि दुसऱ्याला नुसती बासरी ऐकू येते. सगळ्या स्पीकरना एकच आवाज पाठवणारी मोनो जोडणी करून घ्यावी. ॲम्प्लिफायरवरचा बेस बराच खाली आणावा. भिंती-टेबले हादरवणारा ठोका गाणे संपले तरी डोक्यात राहतो.

पातळी ठरवण्याची कसोटी सोपी आहे. समोरासमोर बसलेल्या दोघांना पुढे न वाकता, नेहमीच्या आवाजात बोलता आले पाहिजे, आणि त्यातल्या एखाद्या आजोबांना कमी ऐकू येत असेल तरी चालले पाहिजे. ॲपवर हे साधारण ५५ ते ६० डेसिबलच्या दरम्यान येते. खोली भरू लागली की आवाज वाढवण्याची प्रत्येकाची सवय असते. करायचे असते नेमके उलटे. गर्दी वाढली की संगीत तसेच ठेवावे किंवा थोडे कमी करावे, म्हणजे लोंबार यांनी सांगितलेली चढाओढ सुरूच होत नाही. पातळीचा आणि मागणीचा संबंध दाखवणारा एक प्रयोग दीपायन बिस्वास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टॉकहोममधील एका कॅफेत केला आणि २०१९ साली प्रसिद्ध केला. तिथे ५५ डेसिबलला संगीत असताना लोकांनी तुलनेने आरोग्याला बरे पदार्थ जास्त मागवले आणि ७० डेसिबलला तळलेले, गोड आणि जड पदार्थ जास्त. मोठ्या आवाजाने माणूस उत्तेजित होतो आणि उत्तेजित अवस्थेत सावध निवड कमी होते, अशी त्याची कारणमीमांसा त्यांनी दिलेली आहे. सॅलड आणि सूप विकणाऱ्या ताराबाई पार्कातल्या कॅफेने याचा थेट उपयोग करून घ्यावा.

कमी ऐकू येणाऱ्यांसाठी आणि लहान बाळ घेऊन येणाऱ्यांसाठी एका कोपऱ्यात स्पीकर बसवूच नये. श्रवणयंत्र लावणाऱ्या माणसाला गोंगाटातून एक आवाज निवडून काढणे फार कठीण जाते. असे एक-दोन टेबलांचे शांत टोक असले की आजीला घेऊन येणारे कुटुंब पुन्हा तिथेच येते.

पाचवी पायरी : लय मोजा आणि वेळेशी जुळवा

लय मोजायला कोणतेही शिक्षण लागत नाही. गाण्याबरोबर सहज बोट आपटावे, १५ सेकंदांत पडलेले ठोके मोजावेत आणि चाराने गुणावे. लय सांगणारी ॲप आहेत, पण केरव्याच्या चालीवर ती अनेकदा दुप्पट आकडा देतात; कानाला ८० वाटणारे गाणे १६० दाखवले जाते. अशा वेळी आपल्या बोटावर विश्वास ठेवावा, कारण जेवणारा माणूसही त्याच ठोक्यावर चालत असतो.

लयीचा घासांशी थेट संबंध मोजलेला आहे. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या रोबाली आणि सहकाऱ्यांच्या एका छोट्या प्रयोगात, एका विद्यापीठाच्या भोजनगृहात द्रुत संगीत असताना लोकांनी मिनिटाला सरासरी ४.४० घास घेतले आणि संथ संगीत असताना ३.८३. प्रयोगातली माणसे थोडी होती, त्यामुळे नेमक्या आकड्याला चिकटू नये. पण दिशा मिलिमन यांच्या निष्कर्षाशी जुळते.

सकाळच्या मिसळीच्या वेळी, म्हणजे आठ ते अकरा, ९० ते १०० ठोक्यांची प्रसन्न गाणी मंद आवाजात चालतील. मिसळ तशीही पटकन खाण्याचा पदार्थ आहे. कट गार झाला की मजा जाते आणि फरसाण मऊ पडते. त्यामुळे इथे लय खाणाऱ्याच्या कलानेच जाते. याहून जास्त वेगाची गरज नाही. रविवारी दुपारी गर्दीच्या वेळी ९० च्या आसपास राहावे आणि शब्द नसलेले संगीत ठेवावे. इथे एक सावधगिरी आहे. गिऱ्हाइकाला उठवण्यासाठी मुद्दाम १३०-१४० ठोक्यांची गाणी मोठ्याने लावणाऱ्या जागा मी पाहिल्या आहेत आणि तो प्रकार मला अपमानास्पद वाटतो. चार तासांचा प्रवास करून अंबाबाईचे दर्शन घेऊन जेवायला बसलेल्या कुटुंबाला कुणीतरी ढकलत असल्याची भावना होते, आणि ते पुढच्या वेळी येत नाहीत. वेग वाढवायचाच असेल, तर बिल वेळेवर देणे आणि पहिले ताट पाच मिनिटांत लावणे याने जितका वेळ वाचतो, तितका कोणत्याही गाण्याने वाचत नाही.

आडवाराच्या दुपारी तीन ते सहा आणि रात्री साडेनऊनंतर, टेबले मोकळी असताना, ६० ते ७२ ठोक्यांवर यावे. वेगाचा बदल एकदम करू नये. तीन-चार गाण्यांच्या टप्प्यांत उतरावे, म्हणजे बसलेल्या माणसाला तो जाणवत नाही.

सहावी पायरी : काय लावायचे

लयीइतकाच संगीताच्या जातीचाही परिणाम होतो. इंग्लंडमधील एका उपाहारगृहात एड्रियन नॉर्थ आणि सहकाऱ्यांनी १८ रात्री आलटून पालटून पाश्चात्त्य अभिजात संगीत, पॉप आणि शांतता ठेवून पाहिली. २००३ साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला. अभिजात संगीताच्या रात्री माणशी सरासरी खर्च ३२.५२ पौंड झाला, पॉपच्या रात्री २९.४६ आणि शांततेच्या रात्री २९.७३. त्याच संशोधकांनी १९९७ साली एका सुपरमार्केटमध्ये दाखवून दिले होते की फ्रेंच संगीत चालू असताना फ्रेंच वाइन जास्त खपली आणि जर्मन संगीत चालू असताना जर्मन; आणि विचारल्यावर फार थोड्या गिऱ्हाइकांनी संगीताचा परिणाम झाल्याचे मान्य केले. लोकांना आपल्यावर संगीताचा परिणाम होतो हे कळत नाही, म्हणून गिऱ्हाइकांना ‘गाणी कशी वाटली’ असे विचारून ठरवणे व्यर्थ आहे.

यातून आपल्यासाठी निघणारा अर्थ असा की संगीत आणि ताट एकमेकांशी जुळले पाहिजेत. पाटावरची कोल्हापुरी थाळी देणाऱ्या जागेत इंग्रजी पॉप लावले, तर ताटाची किंमत उगाच कमी वाटते. मात्र ‘कोल्हापुरी’ म्हणून दिवसभर लावणी आणि पोवाडे लावणे हीसुद्धा योग्य निवड नव्हे. लावणी बहुतेकदा द्रुत असते, शब्दप्रधान असते आणि तिचा ढोलकीचा ठेका कानाला ओढून घेतो. पोवाडा तर ऐकणाऱ्याला उठून उभे करण्यासाठीच असतो. दोन्ही समोर बसून ऐकण्याच्या गोष्टी आहेत. जुन्या भावगीतांच्या चालींची वाद्यावरची रूपे, बासरी, संतूर, हार्मोनियमवरची नाट्यपदे असे काही निवडावे. ओळखीचे शब्द कानावर आले की मराठी माणूस गुणगुणू लागतो आणि टेबलावरचे बोलणे थांबते, म्हणून शब्दांची गाणी कमी गर्दीच्या वेळेसाठी राखावीत.

शास्त्रीय संगीत लावू पाहणाऱ्यांसाठी एक विशेष सूचना. कोल्हापूर ही थोर गायक उस्ताद अल्लादिया खाँ यांची कर्मभूमी. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने ते इथे राहिले आणि जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी इथून महाराष्ट्रभर गेली. गायन समाज देवल क्लबसारखी संस्था या शहरात आहे. त्यामुळे ख्याल लावण्याची इच्छा इथल्या मालकाला होते, याचा मला आनंदच आहे. पण ख्यालाचे पूर्ण ध्वनिमुद्रण विलंबितात, म्हणजे अगदी संथ लयीत, सुरू होऊन द्रुतात संपते, म्हणजे ज्या चाळीस मिनिटांत आपल्याला एकच लय हवी असते, त्याच चाळीस मिनिटांत ती दुपटीने-तिपटीने वाढत जाते, आणि शेवटच्या तानांच्या वेळी समोरच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. शिवाय विलंबिताचा एक आवर्तनभर चालणारा शांत भाग मधूनच कापून पुढे ढकलणे हे त्या गायनावर अन्याय करणारे आहे. म्हणून जेवणासाठी मध्य लयीतल्या गती, म्हणजे वाद्यांवर वाजवायच्या बांधलेल्या रचना, निवडाव्यात आणि ख्याल मैफलीसाठी ठेवावा.

यादी किमान चार तासांची असावी. तीच दहा गाणी दिवसभर फिरली, तर गिऱ्हाइकाला कळणारही नाही, पण वाढपी आणि आचारी आठवड्यात वैतागतील, आणि वाढप्याचा वैताग ताटापर्यंत पोहोचतो. मधे जाहिराती वाजवणारी मोफत सेवा वापरू नये. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, मोबाइलवरच्या वैयक्तिक वर्गणीच्या अटींत धंद्याच्या जागी गाणी वाजवण्याची परवानगी नसते, आणि कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे ध्वनिमुद्रित गाणी सार्वजनिक जागेत वाजवण्यासाठी हक्कधारकांचा परवाना लागतो. तो घ्यावा, त्याचा कागद दुकानात ठेवावा. बाहेर लावलेल्या स्पीकरला ध्वनिप्रदूषण नियम, २००० लागू होतात : व्यापारी भागात दिवसा ६५ आणि रात्री ५५ डेसिबल, वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५, आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद.

सातवी पायरी : आचाऱ्याची जीभ

हा भाग बहुतेक मार्गदर्शक लेखांत नसतो आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अँडी वुड्स आणि सहकाऱ्यांनी २०११ साली दाखवले की मोठ्या पार्श्वध्वनीत पदार्थ कमी गोड आणि कमी खारट लागतात आणि जास्त कुरकुरीत वाटतात. कॉर्नेल विद्यापीठातील यान आणि डँडो यांनी २०१५ साली विमानातल्यासारख्या गोंगाटात चव तपासली. गोडवा कमी जाणवला आणि उमामी, म्हणजे मटणाच्या अळणी पाण्यासारखी भरीव चव, मात्र जास्त जाणवली.

आता पांढऱ्या रश्श्याचा विचार करावा. नारळाचे दूध, काजू, खसखस आणि मटणाचे अळणी पाणी. त्यातला नारळाचा हलका गोडवा हाच गोंगाटात पहिला हरवतो. तांबड्याला तितका धोका नाही, कारण तिखटपणा ही जिभेची चव नसून चेतातंतूंना होणारी दाहाची जाणीव आहे. कर्कश खोलीत पांढरा रस्सा ‘पाणचट’ वाटतो अशी तक्रार येते, मग आचारी मीठ वाढवतो, आणि घरी पार्सल नेणाऱ्याला तोच रस्सा खारट लागतो. यावरचा उपाय असा : एक्झॉस्ट आणि मिक्सर चालू असलेल्या भटारखान्यात आचाऱ्याने शेवटची चव घेऊच नये. रश्श्याची वाटी घेऊन मागच्या दारी किंवा शांत खोलीत जावे, घोटभर पाणी प्यावे आणि मग मीठ ठरवावे. त्यानंतर तोच रस्सा गर्दीच्या वेळी जेवणाच्या खोलीत बसून चाखावा. दोन्हींत ठळक फरक लागला, तर तिसऱ्या पायरीचे काम अपुरे आहे असे समजावे.

घरी आणि मांडवात

घरासाठी वेगळे फार काही सांगण्याची गरज नाही. स्ट्रोबेले आणि द कॅस्ट्रो यांनी २००६ साली विद्यार्थ्यांच्या जेवणाच्या नोंदवह्या तपासल्या, तेव्हा संगीत लावून केलेली जेवणे जास्त वेळ चालली आणि त्यांत जास्त खाल्ले गेले, असे दिसले. लयीचा आणि आवाजाचा मात्र त्यात संबंध आढळला नाही. एल्डर आणि मोर यांच्या २०१६ सालच्या एका प्रयोगात, कानात मोठा आवाज असलेल्यांनी सरासरी ४ प्रेट्झेल (कुरकुरीत खारा खाऊ) खाल्ली आणि मंद आवाज असलेल्यांनी २.७५. स्वतःच्या चावण्याचा आवाज ऐकू येत नसला की किती खाल्ले याचे भान कमी राहते, असा त्याचा अर्थ लावला गेला. वजन किंवा साखर सांभाळणाऱ्या घरात म्हणूनच जेवताना टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवावा. उलट, जेवायला कंटाळणाऱ्या आजी-आजोबांसाठी त्यांच्या आवडीची गाणी मंद आवाजात लावावीत आणि शेजारी कुणीतरी बसावे.

लग्नाच्या मांडवात जेवणाची बाजू आणि डीजेची बाजू एकमेकांकडे तोंड करून कधीही ठेवू नये. उघड्यावर अंतर दुप्पट केले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. स्पीकरची तोंडे पंगतीच्या विरुद्ध दिशेला आणि अंतर शक्य तितके, एवढे मांडववाल्याला आधी लेखी सांगावे. पंगतीपुरती सनई पुरे आहे.

शेवटची पायरी : वहीवर पडताळा

मोठे आकडे पाहून भुलू नये. मंद प्रकाश आणि मऊ संगीत लावले की फास्ट फूडच्या दुकानातही लोक १८ टक्के कमी खातात, हा दावा अनेक ठिकाणी वाचायला मिळतो. तो ज्या संशोधकाच्या नावाने फिरतो, त्याचे अनेक लेख नियतकालिकांनी मागे घेतले आणि त्याला विद्यापीठ सोडावे लागले. त्या आकड्यावर मी काहीही उभारणार नाही. आपल्या जागेचे उत्तर आपल्याच वहीत मिळते.

प्रत्येक टेबलासाठी चार रकाने ठेवावेत : बसण्याची वेळ, बिल दिल्याची वेळ, माणसे किती आणि बिल किती. एक रविवार संथ, पुढचा रविवार ९० च्या लयीचा, तिसरा संगीताविना, आणि मग हाच क्रम पुन्हा. म्हणजे सहा रविवार. वार तोच, वेळ तीच, ताटाचा दर तोच, वाढपी शक्यतो तेच. या काळात एकच गोष्ट बदलावी, आणि ती म्हणजे संगीत. श्रावण, नवरात्र, गणपती आणि शाळांच्या सुट्ट्या टाळाव्यात. श्रावणात मटणाची टेबले रिकामी राहतात आणि नवरात्रात भाविकांनी शहर भरते, त्या आकड्यांवरून संगीताबद्दल काहीच सांगता येणार नाही. नोंद करणाऱ्या मुलाला कोणत्या निकालाची अपेक्षा आहे, ते सांगू नये.

सहा रविवारांनंतर माणशी बिल आणि टेबलामागे लागलेली मिनिटे यांची सरासरी काढावी. थाळीच्या खानावळीत मिनिटे पाहावीत, कॅफेत बिल पाहावे. फरक दोन-तीन टक्क्यांचा असेल, तर तो योगायोगही असू शकतो. क्रम आणखी एकदा फिरवावा. आणि संगीताविना असलेले दोन रविवारच सर्वांत बरे निघाले, तर स्पीकरवर खर्च झालेला आहे म्हणून ते चालू ठेवू नयेत. त्या खोलीत बंदच ठेवावेत आणि उरलेले पैसे छताच्या दुसऱ्या अर्ध्या भागासाठी वापरावेत.